तुमच्या जबड्यावर घेतलेली परीक्षा

तोंड बंद असलं तरी तुमचं म्हणणं मला कळायचं. ती सवय तुम्हीच लावलीत. मोडलेला जबडा जखडून ठेवायची खपाची स्वतःच्या तोंडात अडकवून तुम्ही खुर्चीत अख्खी दुपार काढायचात, आणि मी येता-जाता तुमच्या डोळ्यांवरून ओळखायची, की ताक हवंय, की दाढेवर दाब येतोय, की मी घाबरलेय का तेवढंच बघताय. आता ते डोळेही मिटलेत. तरी मी बोलणार आहे. सांगलीच्या या घरात तुमच्याशी वाद घातल्याशिवाय माझा दिवस गेला नाही, आणि शेवटचा वाद तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात.

भेटायला माणसं येतात. डॉक्टरांचा हात किती हलका होता, दाढ कधी निघाली ते कळलंसुद्धा नाही, असं सांगतात. मी मान हलवते. कसं झालं असं विचारलं, की 'न्यूमोनिया' म्हणते. ते खोटं नाही. पण तो न्यूमोनिया कुठल्या वाटेनं आत शिरला हे सांगायला लागले, तर त्यांना तुमचं वेड कळणार नाही. आणि मला ते कळतं, हे त्यांना आवडणार नाही.

ते वेड त्या बाईपासून सुरू झालं. पाटणकडची होती. तिच्या लेकाला गुऱ्हाळावर चरकाच्या दांड्याचा तडाखा बसला आणि खालचा जबडा मोडला. साताऱ्याच्या इस्पितळात तुम्ही अधूनमधून जायचात, तिथं तुम्ही त्याच्या दातांवर खपाची बसवलीत. दातांची कामं करणाऱ्या पुण्याच्या एका नावाजलेल्या मेकॅनिकनं केलेली होती ती. गंधक घालून भट्टीत शिजवलेल्या कडक रबराची. वरच्या दातांवर एक टोपण, खालच्या दातांवर एक, आणि दोन्ही एकमेकांना पिनांनी जखडलेली. पुढं एक फट, पातळ अन्न पोटात जायला. हाड जुळेपर्यंत जबडा हलू नये म्हणून ही सगळी कैद. घरी आल्यावर तुम्ही मला म्हणाला होतात, "अशी बसलीय, जणू जबड्यातूनच उगवलीय." पोराचा चेहरा हुशारला, सूज उतरली, म्हणून त्याला घरी धाडलं. घाटात बैलगाडीच्या हिंदकळण्यानं त्याला उलटी आली. भर दुपारी, आईच्या मांडीवर. त्या उलटीला बाहेर पडायला वाट नव्हती.

ती बाई सांगलीपर्यंत आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. फडक्यात बांधलेली खपाची तिनं तुमच्या टेबलावर ठेवली. मेलेल्या लेकाच्या तोंडातून ती शेवटी कुणी काढली, हे विचारायचं धाडस आपल्या दोघांनाही झालं नाही.

"डाक्टर," ती म्हणाली, "तोंड बंद केलासा, ते लय झ्याक केलासा. पर उघडायचं कसं, ते मला का न्हाई दावलासा?"

मी पाणी आणायला आत गेले. परत आले तोवर ती निघून गेली होती, आणि तुम्ही उभेच होतात.

त्यानंतर कुणाच्याही हातची खपाची तुमच्यासमोर आली, की तुम्ही आधी ती उघडते कशी ते बघायचात. बसते कशी, ते नंतर.

लढाई संपली, तुम्हीही फौजेतून घरी आलात. फौजेत दाताच्या कामाला असलेले मेकॅनिक गावाकडं परतले. साताऱ्याच्या इस्पितळाला त्यांच्यातला एक कायमचा ठेवायचा होता, आणि निवड करायला दोघं नेमले गेले. एक तुम्ही, दुसरे फौजेतून निवृत्त झालेले मेजरसाहेब. परीक्षा कशी घ्यायची, यावरून आपल्या ओसरीवर तुमचं आणि त्यांचं जुंपलं, ते मी चहा घेऊन उभी राहून ऐकलं.

"मेकॅनिकचं काम टेबलावर संपतं," मेजरसाहेब म्हणाले. "प्लास्टरच्या साच्यावर खपाची बसली, दात जुळले, कड गुळगुळीत असली, की पास. पुढचं डॉक्टरनं बघायचं, नर्सनं बघायचं."

"आणि पाटणच्या वाटेवर गाडीत डॉक्टर कुठला? नर्स कुठली? तिथं आई असते. आईला उघडता येत नाही अशी खपाची करणारा माझ्यापुढं नापास."

"मग काय परीक्षेला आई आणून बसवू?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुमच्या मनात परीक्षा तयार होती. उमेदवारानं तुमच्याच दातांचं माप घ्यायचं, तुमच्याच तोंडात खपाची जखडायची, तुम्ही आंबील प्यायची, आणि त्यानं फक्त एकदा दाखवलेलं ध्यानात ठेवून मी ती उघडायची. मी नर्स आहे हे विसरायचं. गाडीत बसलेली कुणी बाई आहे असं धरून चालायचं.

मेजरसाहेब गेल्यावर मी म्हटलं, "तुमचंच तोंड कशाला?"

"प्लास्टरच्या जबड्याला खोकला येत नाही."

"मग दुसऱ्या कुणाला बसवा."

"कुणाला? नाव सांग."

कुणाचंही नाव घेणं म्हणजे त्याला त्या खुर्चीत बसवणं. तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणूनच तुम्ही विचारलंत. मग मी वेगळ्या बाजूनं आले. म्हटलं, हाताची परीक्षा घ्या, नजरेची घ्या, भीतीची घेऊ नका. जीव घाबरला की ती परीक्षा राहत नाही, ते संकट होतं. तुम्ही म्हणालात, "संकटात जे उघडतं तेवढंच खरं उघडतं." मी म्हटलं, "आणि नाही उघडलं तर?" तुम्ही हसून म्हणालात, "तर मेकॅनिक नापास." वाद तिथंच थांबला, कारण दारात पेशंट उभा होता. वाद संपला नव्हता, एवढं मात्र तुम्हीही कबूल कराल.

मला बघायला आलात ते आठवतंय? कोरेगावला, माझ्या भावाच्या घरी. मी समोर बसले होते आणि तुम्ही माझ्या तोंडाकडं एकटक बघत होतात. वहिनीला वाटलं, मुलगी पसंत पडली. तुम्ही नंतर सांगितलंत, की माझी वरची दाढ वाकडी आहे का ते बघत होतात. मी रागानं दोन दिवस जेवले नव्हते. पण नंतर कळलं, तुम्ही ज्या माणसाला जपायचात त्याच्या तोंडात आधी डोकवायचात. एवढं माझ्याकडं कुणी बघितलं नव्हतं. ते मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवून काय उपयोग, तरी सांगते.

परीक्षेला साताऱ्याला निघालो तेव्हा गाडीत तुम्ही गुणगुणत होतात. मी खिडकीबाहेर बघत होते. कोरेगाव आलं, गेलं. उतरून भावाकडं जावं आणि तुम्हालाही ओढून न्यावं, असं इतक्या जोरानं वाटलं की मी बाकाची कड घट्ट धरली. तुम्ही विचारलंत, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही."

पहिल्या दोघा उमेदवारांची परीक्षा सुखरूप पार पडली. एकाची खपाची साच्यावर चांगली होती, तुमच्या तोंडात हलायला लागली. दुसऱ्याची मी पटकन उघडली, पण आतल्या कडेनं तुमची हिरडी सोलली होती. संध्याकाळी तुम्ही मीठपाण्याच्या गुळण्या करत म्हणालात, "उद्या आपला बिरा आहे."

आपला बिरा. आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. फौजेत, तंबूतल्या इस्पितळात तुमच्या हाताखाली त्यानं उडालेल्या जबड्यांच्या खपाच्या केल्या होत्या. तुम्ही त्याला 'गड्या' म्हणायचात. सुट्टीवर यायचात तेव्हा माझ्यापेक्षा त्याच्या हातांबद्दल जास्त बोलायचात. तो पास व्हावा ही तुमची इच्छा इतकी उघड होती, की मेजरसाहेब त्यावरून चेष्टा करायचे. मला वाटतं, म्हणूनच तुम्ही त्याच्या वेळी आंबील दाट ठेवायला सांगितलीत. कुणी म्हणू नये, डॉक्टरांनी आपल्या माणसाला सोपं दिलं.

सकाळपासून अजिंक्यताऱ्यावर ढग बसून होते, खोलीत दिवसाही अंधारलेलं. खिडकीच्या कठड्यावर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीनं मांडलेले. मी ते उलटे करून ठेवले, बघवेनात म्हणून. तुम्ही येऊन परत सरळ केलेत.

बिरानं खपाची पुढं केली. मेजरसाहेबांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वाहवा!" आरशासारखी चमकत होती. पिनांची डोकीसुद्धा त्यानं रबराच्या बरोबरीनं घासून काढली होती. कुठं काही वर आलेलं नाही, बोटाला काही लागत नाही.

"बाई," तो मला म्हणाला, "आदी डावीकडचा खिळा, मग उजवा. नखानं वडायचा. बगा, असा."

मी ओढून बघितला. कोरडा होता, आला. त्यानं तुमच्या तोंडात ती बसवली, जखडली. तुम्ही अंगठा वर केलात. मी वाटी तोंडाशी धरली आणि तुम्ही फटीतून आंबील ओढायला लागलात.

मग ठसका लागला.

पहिल्यांदा मला वाटलं, तुम्ही मुद्दाम खोकताय. तसं तुम्ही आधीच्या दोघांच्या वेळी केलं होतं. मग तुमचे डोळे बघितले. त्यात मला वाचता येण्यासारखं काही नव्हतं. मी डावी पिन ओढली, आली. उजवी आंबिलीनं बुळबुळीत झाली होती, डोकं रबरात बुडालेलं. नख लागेना. परत लावलं, परत सटकलं. बिरा समोर उभा होता. त्याचे हात छातीपर्यंत वर आले आणि तिथंच राहिले. मेजरसाहेब ओरडले, "अरे उघड! उघड तिच्या आयला!" खुर्चीला चिमटा टांगलेला असावा हा नियम तुमचाच. मी तो ओढून घेतला, टोक पिनेच्या शेजारी रबरात खुपसलं आणि उचकटलं. खपाची सुटली. तुम्ही पुढं वाकलात, खोकलात, श्वास घेतलात.

आणि हसलात. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "दुसरी पिन, गड्या," तुम्ही फाटक्या आवाजात म्हणालात, "डोकं थोडं वर पाहिजे होतं." बिरा भिंतीला टेकून खाली बसला. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात. निकाल दुसऱ्या दिवशी लावू, असं ठरलं.

त्याच संध्याकाळी तुम्हाला हुडहुडी भरली. मी छातीला कान लावला तेव्हाच मला कळलं होतं. उजव्या बाजूला, खाली, ओल्या गवतावरून कुणी चालावं तसा आवाज. आंबील आत गेली होती. मी नर्स आहे हे विसरायचं असं ठरलं होतं, पण कान कसे विसरणार?

मेजरसाहेबांनी पेनिसिलीनसाठी पुण्याला माणूस पिटाळला. औषध आलं, इंजेक्शनं दिली. एक दिवस तुमचा ताप उतरला, तुम्ही मला उशी उंच करायला सांगितलीत आणि मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी ओठ निळे दिसायला लागले. बिरा वॉर्डाबाहेर घोंगडीवर बसून होता. आत यायला तयार नव्हता. तुम्ही त्याच्याबद्दल विचारलंत, मी म्हटलं, बाहेर आहे. तुम्ही बराच वेळ श्वास गोळा केलात आणि म्हणालात, "बिराला सोडू नकोस."

मी विचारलं, "म्हणजे काय?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. नंतर बोललात ते ताकाबद्दल, लहानपणच्या औंधच्या घराबद्दल, कुणातरी शाळेतल्या मित्राबद्दल. बिराबद्दल पुन्हा नाही.

हे वाक्य घेऊन मी किती दिवस घरात फिरले. बिराला सोडू नकोस. त्याला मोकळा सोडू नकोस, त्यानं जे केलं ते त्याच्या पदरात घाल? की त्याला वाऱ्यावर सोडू नकोस, त्याला धर? तुमच्या चितेचा धूर नाकात होता तोवर मला पहिलाच अर्थ खरा वाटत होता. मला तो हवासा वाटत होता. त्याची ती चमकणारी, गुळगुळीत, देखणी खपाची माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

तेराव्यानंतर मेजरसाहेब आले. बसले, पाणी प्यायले, मग म्हणाले, "वहिनी, निकाल थांबलाय. टेबलावरचं काम बघितलं तर त्याच्याइतकं कुणाचंच नाही. कराडहून, पाटणहून मोडलेले जबडे येतायत, बसवायला माणूस नाही. मी म्हणतो, त्याला पास करू. झालं ते नशीब."

मी त्यांना तुमचं वाक्य सांगितलं. जसंच्या तसं.

"म्हणजे नापास?" त्यांनी विचारलं.

"मला ठाऊक नाही."

बिरा त्यांच्याबरोबरच आला होता. दाराबाहेर पायरीवर बसला होता, मान खाली. मी बाहेर गेले तर उठून उभा राहिला. "बाई, मला पास करू नगा. मेजरसायबास्नी सांगा. म्या मेंढरामागं जातो. ह्या हातानं पुन्यांदा कुनाचं त्वांड झाकायचं न्हाई मला."

मला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. उलट संताप आला. तुम्ही जीव देऊन बसलात आणि हा मेंढरामागं जाणार! मग तुमची ती परीक्षा झाली तरी कशासाठी?

"तुम्ही कुठं जायचं नाही," मी म्हटलं. "आत या. माझ्या दातांचं माप घ्या."

कोरेगावची माझी वहिनी अजून इथंच होती, ती स्वयंपाकघरातून धावत आली. "वन्सं, काय बोलताय हे! आत्ता कुटं तेरावा झालाय. हे एक गेलं, आता तुमी जाताय व्हय?"

"उघडणार तुम्ही आहात, वहिनी."

"म्या?"

"हो. तो एकदा दाखवील. एकदाच."

मेजरसाहेब मला म्हणाले, "वहिनी, हे वेड आहे." मी म्हटलं, "त्यांचंच आहे." मेजरसाहेबांच्याही मनात तेच करून बघायचं होतं की काय, मला सांगता येत नाही.

बिरा तुमच्या मागच्या खोलीत कामाला लागला. भट्टी पेटली. घरात गंधकाचा वास परत आला, आणि मी भाजी चिरता चिरता एकदा तुम्हाला हाक मारली. तो बाहेर जेवायला येईना, वहिनी ताट आत नेऊन द्यायची. ती सांगायची, माणूस काम कमी करतो आणि केलेलं बघत जास्त बसतो. एकदा त्यानं पूर्ण झालेली खपाची फोडून टाकली आणि परत सुरुवात केली.

जी आणली ती देखणी नव्हती. पिनांची डोकी कानातल्या कुड्यांसारखी बाहेर आलेली, आणि प्रत्येक डोक्याला रेशमी दोऱ्याचा फास, ओठांबाहेर लोंबणारा. परीक्षेला परत आलेल्या मेजरसाहेबांनी नाक मुरडलं. बिरा वहिनीला म्हणाला, "आक्का, ह्यो दोरा वडायचा. डावा-उजवा काय बी न्हाई. जो हाताला घावंल त्यो आदी. दोनी निगालं की कवाड उघडलं."

वहिनी मागं सरकली. म्हणाली, "आनि माजा हात कापला तर?"

"कापूद्या. कापत्या हातासाठीच क्येलंय त्ये."

मी तुमच्या खुर्चीत बसले. त्यानं ती माझ्या तोंडात बसवली आणि जखडली.

आता तुम्हाला सांगते, तुम्ही मला हे कधीच सांगितलं नव्हतं. जीभ मागं सरकते आणि तिला जागा मिळत नाही. थुंकी गिळायची म्हटली तरी विचार करावा लागतो. आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतो, आणि वाटतं, हा आता कुणा दुसऱ्याच्या ताब्यात आहे. तुम्ही अख्ख्या दुपारी असे बसायचात आणि डोळ्यांनी मला विचारायचात, मी घाबरलेय का. घाबरलेले तुम्ही होतात. दरवेळी. मला ते ओळखता आलं नाही, की तुम्ही ओळखू दिलं नाहीत?

आंबील दाट होती, मीच सांगितली होती. ओढली, आणि तुमच्यासारखं मुद्दाम खोकायचं ठरवलं होतं. पण ठरवायच्या आधीच खरा ठसका लागला. खोली पांढरी झाली. मेजरसाहेबांच्या बुटांचा आवाज आला. मग ओठांपाशी एक हिसका, पाठोपाठ दुसरा. वहिनीचे हात पानासारखे हलत होते आणि दोन्ही दोरे तिच्या मुठीत होते. बिरा तिच्या मागं उभा होता, जवळ, पण तिला हात न लावता. माझा जबडा उघडला. खालचं टोपण मांडीवर पडलं आणि हवा आत आली, इतकी, की छाती दुखली.

"पास," मेजरसाहेब म्हणाले.

मी काहीतरी बोलणार होते. तुमचं म्हणणं बरोबर होतं असं, किंवा तुम्ही चूक होतात आणि हे सगळं तुमच्याशिवायही उघडता आलं असतं असं. पण तोंडातून शब्द आलाच नाही. हुंदका आला. तुम्ही गेलात त्या दिवशी आला नव्हता, स्मशानघाटावर आला नव्हता, तो आता आला, आणि मला तो आवरेना. वहिनीनं मला धरलं. मेजरसाहेब खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

बिरा मात्र खाली बसला, माझ्या मांडीवरचं टोपण उचलून उजेडात धरलं, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई," तो म्हणाला, "कुटं टोचतंय? कुटं टोचतंय त्ये सांगा, आत्ता घासून देतो."

मी तोंड उघडं टाकून त्याच्याकडं बघत राहिले. कुठं टोचतंय, ते मला त्याला सांगता येईना.